सावरतंय, हात लावू नका

उद्या समजा ही पृथ्वी फिरता फिरता मध्येच बंद पडली, तर ती नेमकी कुठून पुन्हा सुरू करायची हे सांगू शकेल असं माझ्या माहितीत एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे आमच्या वन्सं. त्या आधी सगळ्यांना बाजूला उभं करतील, कुणी कशाला हात लावायचा नाही असा दम भरतील, आणि मग शांतपणे विचारतील, "बंद पडण्याआधी शेवटचं काय पूर्ण झालं होतं?" वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलेलं नाही, राहतात आमच्याजवळच औंढ्याला, आणि नोकरीला लोणावळ्यात. मी तळेगावची. लग्न ठरलं तेव्हा नणंद ही काय चीज असते याविषयी माझ्या दोन्ही मावश्यांनी माझी कसून तयारी करून घेतली होती. टोमणे कसे गिळायचे, सासूचे कान भरले जात असतील तर कसं ओळखायचं, सगळं झालं होतं. पण "वहिनी, मी आता तुमच्या दारावर टकटक करणार आहे" असं आधी मोठ्यानं सांगून मग टकटक करणारी नणंद कशी हाताळायची, हे कुणीच शिकवलं नव्हतं.

कुठलीही गोष्ट करण्याआधी ती बोलून दाखवायची आणि झाल्यावर झाली म्हणून सांगायचं, हा वन्संचा पहिला धर्म. "गॅस बंद करते." मग, "केला." "गोठ्याची कडी लावते." मग, "लावली." सुरुवातीला मला वाटायचं, बाईंना एकटेपणाची सवय, स्वतःशी बोलत असतील. तसं नव्हतं. ते आम्हां सगळ्यांना उद्देशून असायचं, आणि आम्ही ते लक्षात ठेवावं अशी अपेक्षा असायची. एकदा त्या आमटीत मीठ घालायला गेल्या आणि तेवढ्यात फोन वाजला. परत येऊन त्यांनी मला विचारलं, "मी 'मीठ घालते' म्हणाले होते ना? 'घातलं' म्हणाले का?" मी म्हटलं, मला काही ऐकू आलं नाही. "मग नाही घातलं," असं म्हणून त्यांनी मीठ घातलं. त्या दिवशीची आमटी आमच्या म्हशीनंही तोंड लावून सोडून दिली. ह्यांनी ताट बाजूला सारून विचारलं, "आक्का, जरा चाखून बघायची हुतीस की!" त्यावर वन्सं म्हणाल्या, "पद्धत बरोबर होती. ऐकणाऱ्याचं लक्ष नव्हतं." ऐकणारी म्हणजे मी. तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात शिरल्या की मी कान टवकारून बसते.

हे वेड त्यांना नोकरीनं लावलं की ह्या वेडामुळे ती नोकरी मिळाली, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. त्या ज्या संस्थेत आहेत तिचा लोणावळ्यात दवाखाना आहे, कार्ल्याला नर्सिंग कॉलेज आहे, शिवाय दोन शाळा. या सगळ्या ठिकाणी कुणीही संगणकापुढे बसून आपलं नाव आणि पासवर्ड टाकला, की हा माणूस आपला की परका, आणि आपला असला तर त्याला कुठल्या दारातून आत सोडायचं, हे एका यंत्राला विचारलं जातं. त्या यंत्राला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात आणि ते वन्संच्या ताब्यात असतं. आमच्या गावात नवा माणूस एसटीतून उतरला की पारावरचं कुणीतरी "कुणाकडं आलायसा?" विचारतंच, तसंच ते. फक्त पारावरची माणसं जेवायला घरी जातात आणि ह्या यंत्राला जायची सोय नाही. ते बेशुद्ध पडलं तर डॉक्टरपासून पावत्या फाडणाऱ्यापर्यंत सगळे बाहेर. आतल्या नोंदी शाबूत, पण दार उघडणारं कुणी नाही. या यंत्राचीही वन्संसारखीच शिस्त आहे. एखादं नाव चढवायचं असलं तरी "मी आता हे करणार" असं ते आधी एका वेगळ्या फायलीत लिहितं आणि मगच करतं. मध्येच वीज गेली, तर जागं झाल्यावर आधी ती फाइल वाचतं, ठरून झालेलं पण जागेवर न बसलेलं जागेवर बसवतं, अर्धवट राहिलेलं मागे घेतं, आणि मग दार उघडतं. सासूबाईंना मी हे एकदा समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मशीन आत्ता आलं गं. ही पाळन्यात बी आदी सांगून रडायची." बाहेर मात्र कुणी विचारलं की सासूबाई सांगत, "लेक दवाखान्यात दारावर असती." वन्संनी ते कधी दुरुस्त केलं नाही. उलट मला म्हणाल्या, इतक्या थोडक्यात मलाही सांगता आलं नसतं.

दुसरा धर्म म्हणजे प्रत. एकच प्रत असलेली वस्तू त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसते. आमच्या घराच्या किल्ल्या औंढ्यात इतक्या घरी आहेत की चोराला एक मागून घेणं सोपं जावं. लोणच्याची अर्धी बरणी कार्ल्याच्या आत्यांकडे, मी शिकवते त्या शाळेतल्या माझ्या कपाटात त्यांचा जादा चष्मा, आणि इंद्रायणी भाताचं बियाणं निम्मं आपल्या कणगीत तर निम्मं आत्यांच्या. आमचे हे त्यावर फार चिडायचे. म्हणायचे, दर वर्षी बियाणं घेऊन कार्ल्याला जायचं आणि पेरणीला परत आणायचं, ही शेती आहे का माहेरवाशीण? मग एका वर्षी घुशींनी आमची कणगी खालून पोखरली आणि आमची रोपं आत्यांच्या बियाण्यावर उभी राहिली. दुसरं कुणी असतं तर पुढची दहा वर्षं ऐकवलं असतं. वन्सं फक्त एवढंच म्हणाल्या, की दोन्ही मडकी एका फळीवर ठेवायची नसतात.

आणि तिसरा धर्म, जो सगळ्यांत जाचक, तो म्हणजे व्यवस्थित बंद होणं. टीव्हीवर कुणी बोलत असलं तर त्याचं वाक्य संपल्याशिवाय त्या टीव्ही बंद करू देत नाहीत, मग तो तेलाची जाहिरात करत असला तरी. झोपलेल्याला हलवून उठवायचं नाही, जेवणाऱ्याला पानावरून बोलवायचं नाही, पाहुण्यांनी "येतो" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. त्यांच्या लग्नाचीही एकदा बोलणी झाली होती म्हणे, माझ्या आधीची गोष्ट. मंडळी कुठूनशी आली, चहा झाला, आणि याद्यांचं बोलणं निघणार तोच त्यांना कसलासा फोन आला आणि सगळे घाईघाईनं गाडीत बसून गेले. चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, की आमची पसंती आहे, पुढचं बोलू. वन्संनी उलट निरोप धाडला, की बोलणी अर्धवट तुटली होती, तेव्हा पुढचं नाही, पहिल्यापासून बोलू; पुन्हा या. ती मंडळी काही आली नाहीत. वन्सं हे हसत सांगतात, आणि मीही हसते, कारण त्या वेळी दुसरं काय करावं हे मला सुचत नाही.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना माझी मान थोडी ताठ झाली तर समजून घ्या. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. नातू पुढ्यात उभा राहिला तरी तो बोलेपर्यंत कोण ते कळत नसे, तांदूळ निवडायचे तेही बोटांनी चाचपून, आणि एकदा कपाऐवजी स्वतःच्या हातावर चहा ओतून घेतला. पण ऑपरेशनचं नाव काढलं की पदर डोळ्यांवर. वन्सं दोन वर्षं त्यांच्या मागे होत्या. शेवटी एकदाच्या तयार झाल्या, तेही अट घालून. "येकदाच यीन. त्या दिवशी न्हाई झालं, तर परत डोळ्याचं नाव काडायचं न्हाई. म्या मरपत्तुर न्हाई." सासूबाईंचा शब्द म्हणजे शब्द, एकदा रुसून त्या सख्ख्या भावाच्या घरी आयुष्यभर गेल्या नव्हत्या. त्यामुळे त्या शनिवारी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा देवदर्शनाला निघाल्यासारखे सगळे जपून बोलत होतो. पुण्याहून येणारे डोळ्यांचे सर्जन आले, नर्सनं जास्त पिकलेल्या डोळ्यात थेंब घातले. आदल्या आठवड्यात घेतलेली डोळ्याची मापं संगणकात होती, आणि कुठल्या नंबरचं भिंग बसवायचं ते त्यावरून ठरायचं होतं.

बाहेर वारा सुटला होता आणि वीज ये-जा करत होती. आमचे हे बाकावर बसले होते. त्या बाकाच्या वरच भिंतीवर विजेचा बोर्ड आणि शेजारी वन्संच्या यंत्रांची खोली. आता मावळातल्या शेतकऱ्याला विजेबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक असते: लाईट लपलप करायला लागली की आधी मेन पाडायचा, ती स्थिर झाली की मग वर करायचा, नाहीतर मोटार जळते. ह्यांच्या दोन मोटारी जळल्या आहेत. बहिणीच्या महागड्या यंत्रांचं आपल्या डोळ्यांदेखत असं होऊ द्यायचं नाही, या निव्वळ मायेनं ते उठले आणि त्यांनी बोर्डावरचा त्या खोलीचा मेन पाडला. वीज गेली तरी यंत्रं चालू राहावीत म्हणून बॅटऱ्या होत्या, पण त्यांची वीजही याच मेनमधून खोलीत जायची. मेन पडला की बॅटऱ्या काय करणार? थोड्या वेळानं ह्यांनी तो वर केला. पुन्हा दिवे लपलपले, पुन्हा पाडला. पुन्हा वर केला. आणि कर्तव्य केल्याच्या समाधानानं बाकावर येऊन बसले.

पाच मिनिटांत दवाखान्यात गलका उठला. कुणालाच संगणकात शिरता येईना. सर्जनांना मापं दिसेनात. नव्यानं मापं घ्यावीत तर थेंबांनी बाहुली ताणलेली, तेव्हा ती आज बरोबर येणार नाहीत. वन्सं खोलीत गेल्या, बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "मेन कुणी पाडला?" हे उभे राहिले. "म्या पाडला. लाईट लपलप करत हुती आक्का, तुजी मशिनं जळली आसती." मला वाटलं, आता भूकंप. वन्संनी विचारलं, "एकदाच?" हे म्हणाले, "न्हाई. दोनदा." पहिल्यांदा यंत्र ऐन लिहिता लिहिता गेलं होतं आणि दुसऱ्यांदा स्वतःला सावरत असताना. वन्संनी डोळे मिटले, उघडले, आणि भावाला म्हणाल्या, "बरं. आता बस. बोर्डाकडे बघूसुद्धा नकोस."

मग त्यांनी एक स्टूल आणलं, त्या खोलीच्या दारात आडवं टाकलं आणि त्यावर बसल्या. आत पडद्यावर एकच ओळ होती, की मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो, नोंदी सावरून घेत आहे. तिच्याखाली काही नाही. दवाखान्याचे प्रशासक साहेब धावत आले. भले गृहस्थ, पण त्यांच्यामागे सगळा दवाखाना लागलेला. "मॅडम, रीस्टार्ट करा ना!" वन्सं म्हणाल्या, "स्टार्टच होतंय, साहेब." "पण काही हलत नाहीये!" "हलतंय. दिसत नाहीये." साहेब म्हणाले, कार्ल्याला दुसरी प्रत आहे ना, ती लावा. ती होती, पण रस्त्याच्या कामात सकाळीच जेसीबीनं केबल तोडली होती. मग कालच्या रात्रीची प्रत आणा आणि बसवा यावरून. वन्सं म्हणाल्या, "ती आहेच. पण ती बसवली की आज सकाळपासूनचं सगळं पुसलं जाईल, आणि हे जे सावरतंय तेही मरेल. हे हरलं तर कालची बसवीन. आधी नाही. साहेब, सावरतंय. हात लावू नका."

तेवढ्यात नर्सनं सासूबाईंना चाकाच्या खुर्चीतून तिथंच आणलं, कारण त्या एका जागी बसायला तयार नव्हत्या. "काय गं, तुजं दार उगडंना व्हय? दाब की येकांदं बटान!" आमचे हेही काकुळतीला आले होते. "आक्का, आईसाठी तरी काय तरी कर." मी त्या वेळी वन्संच्या हाताकडे बघत होते. स्टुलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. दोन वर्षं जिची मनधरणी केली ती आई समोर, तिचा एकच दिवस, आणि तो दिवस आपल्याच हातानं जाऊ द्यायचा. मी असते तर दाबलं असतं. मी खरंच दाबलं असतं. वन्सं म्हणाल्या, "आई, आत्ता दाबलं तर ते उघडायचंच नाही. थांबावं लागेल." "किती?" "मला नाही माहीत." आणि मग सवयीनं, पण अगदी हळू आवाजात, त्या म्हणाल्या, "मी आता काहीही करत नाही."

सर्जन बॅग घेऊनच आले. त्यांना दुपारी तळेगावात ऑपरेशनं होती आणि शनिवारी लोणावळ्यातून बाहेर पडणं म्हणजे काय हे आम्हांला सांगायला नको. ते खरोखर नम्रपणे म्हणाले, "आजी, आज राहू द्या. पुढच्या महिन्यात करू." आम्ही सगळे सासूबाईंच्या तोंडाकडे बघायला लागलो. पुढचा महिना येणार नव्हता हे आम्हां चौघांनाच ठाऊक होतं. सासूबाईंनी आवाजाच्या अंदाजानं हात पुढे केला, सर्जनांची बाही सापडली ती धरली, आणि म्हणाल्या, "डाक्टर, बसा. माजी लेक थांबा म्हनती, म्हंजी थांबायचं. मला तिचं काम काय उमगत न्हाई बगा. पर ल्हानपनापास्नं बगते, ती उगा म्हनत न्हाई."

स्टुलावर बसलेल्या वन्संनी मान वळवून खोलीत पाहिलं, जणू पडद्यावर काहीतरी आलं होतं. आलं काहीच नव्हतं. सर्जन बाकावर ह्यांच्या शेजारी बसले. बाही काही सुटली नाही. सासूबाईंनी त्यांना त्यांचं गाव विचारलं, शेती आहे का विचारलं, आहे म्हटल्यावर भात कुठला लावता हे विचारलं, आणि ते ठाऊक नसल्याबद्दल त्यांची कानउघाडणी केली. ह्यांनी मग सर्जनांना भाताच्या आवणीत रोपांची जुडी कशी धरायची ते हातवारे करून दाखवलं. प्रशासक साहेबही भिंतीला टेकून ऐकत राहिले. असा किती वेळ गेला कोण जाणे, आणि मग खोलीत पडद्यावर दुसरी ओळ उमटली, की नोंदी सावरून झाल्या. मी ती वन्संच्या आधी पाहिली आणि ओरडले. वन्सं ओरडल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी आधी स्वतःचं नाव तपासलं, मग सकाळीच चढवलेल्या एका नव्या नर्सचं, मग सर्जनांचं. सगळी माणसं जागच्या जागी होती. "सोडते," त्या म्हणाल्या. सर्जन तोवर उठून उभे राहिले होते. मग आतून आवाज आला, "सोडलं." दवाखान्यात त्या दिवशी कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. जो तो आपापल्या कामाला पळाला आणि सासूबाईंची खुर्ची ऑपरेशनच्या खोलीत गेली. बाकावर मी आणि हे उरलो. हे म्हणाले, "आमची आक्का लय मोटी हाय गं." मी म्हटलं, हे मला तुम्ही सांगायला नको. आणि बोर्डाला कुलूप त्याच संध्याकाळी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. सासूबाईंनी आधी भिंत पाहिली, मग खिडकीबाहेरचा डोंगर पाहिला, मग मला पाहिलं आणि म्हणाल्या, "तू चांगलीच सुटलीस की गं." मी हसून घेतलं. मग वन्सं आईच्या डोळ्यातलं पाणी टिपायला खाली वाकल्या. किती तरी वेळ सासूबाई लेकीकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढची लेक बहुधा कुठल्या तरी जुन्या सालातली होती, काळ्याभोर वेणीची, जिची बोलणी चालू असतील अशी. त्यांनी हात वर करून वन्संच्या कानशिलावरून फिरवला. "कवा पिकलं गं हे?" वन्सं म्हणाल्या, "बरीच वर्षं झाली, आई." "मला कुनी सांगितलं बी न्हाई." मला आयुष्यात पहिल्यांदाच वन्संना जवळ घ्यावंसं वाटलं, पण ती जागा माझी नव्हती. आईचा हात नीट पोचावा म्हणून वन्सं आणखी थोड्या खाली वाकल्या, आणि सासूबाई एकेक बट बाजूला करून, शाळेतून आलेल्या पोरीच्या उवा बघाव्यात तसं, लेकीचं पांढरं डोकं बघत राहिल्या.